सी ड्राइव्ह पुन्हा पुन्हा भरतोय? आधी मोजा, मग पुसा

हे सगळं विंडोज १० आणि ११ साठी आहे. कमांड आणि फाइलची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायची.

लक्षणं

धिस पीसी उघडलं की सी ड्राइव्हची पट्टी लाल दिसते. मोकळी जागा दहा टक्क्यांच्या खाली गेली की विंडोज ती लाल करतं, म्हणजे २३८ जीबीच्या ड्राइव्हवर २३ जीबी शिल्लक असतानाही पट्टी लालच. तेव्हा नुसत्या लाल पट्टीने घाबरायचं कारण नाही. (२५६ जीबीचा ड्राइव्ह २३८ का दाखवतो, हा प्रश्न हमखास येतो. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. जागा कुणी खाल्लेली नसते.)

खरी अडचण सुरू होते ती अपडेट अर्ध्यावर अडकून ०एक्स८००७००७० हा एरर आला, एक्सेलची फाइल सेव्ह होईना, फोटो-व्हिडिओच्या सॉफ्टवेअरने स्क्रॅच डिस्क (कामापुरती वापरायची डिस्कवरची जागा) भरल्याची ओरड केली किंवा ब्राउझरचे टॅब आपोआप बंद पडायला लागले की. हा एरर डिस्क भरल्याचाच आहे. त्यासाठी अपडेटची सर्व्हिस दुरुस्त करत बसू नका.

जागा कशी कमी होते, त्यावरून निम्मं निदान घरबसल्या होतं. सकाळी १२ जीबी, दुपारी ४ आणि रीस्टार्टनंतर पुन्हा ११, असं होत असेल तर पेजफाइल (रॅमच्या जोडीला विंडोज मेमरीसाठी वापरतं ती डिस्कवरची फाइल) किंवा एखाद्या सॉफ्टवेअरच्या टेम्प, म्हणजे तात्पुरत्या, फाइल्स. एका रात्रीत १५-२० जीबी गायब झाले तर बहुतेक विंडोजचं मोठं अपडेट होऊन गेलंय आणि जुनं विंडोज बाजूला ठेवलेलं आहे. रोज थोडी थोडी जागा जातेय आणि रीस्टार्टनेही परत येत नाही, तर कुठलीतरी लॉग फाइल (कामाची नोंदवही), सर्च इंडेक्स (शोधासाठी विंडोजने केलेली यादी), मेल किंवा सिंकचा फोल्डर फुगतोय. या तिसऱ्या प्रकारात नुसती साफसफाई केली की आठवड्याभरात परत तेच. फुगणारी गोष्ट सापडेपर्यंत तक्रार मिटत नाही.

१. रीस्टार्ट. शटडाउन नव्हे

फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन करताना विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर साठवून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात होते. त्यामुळे 'रोज बंद करतो की' असं म्हणणाऱ्याचं मशीन कित्येक आठवडे खऱ्या अर्थाने बंद झालेलंच नसतं. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, सीपीयू इथे अप टाइम बघा. तेरा दिवस दिसले तर उत्तर मिळालं. रीस्टार्टने फुगलेली पेजफाइल मूळ आकारावर येते आणि अर्धवट राहिलेली अपडेट पूर्ण होतात.

२. रीसायकल बिन आणि डाउनलोड्स

डिलीट केलेली फाइल बिनमध्ये असेपर्यंत ड्राइव्हवरच असते. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी बिन भरलेलं सापडतं. डाउनलोड्स उघडून साइजप्रमाणे लावा. वर काय येतं ते ठरलेलं: इन्स्टॉल करून झालेले सेटअप, आयएसओ, झिप आणि त्याच झिपमधून काढलेला फोल्डर. दोन्ही ठेवायची गरज नसते.

३. स्टोरेजमधली टेम्पररी फाइल्सची यादी

सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स. यादी यायला मिनिटभर लागतं, कधी जास्त. यात विंडोज अपडेट क्लीनअप, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन फाइल्स, टेम्पररी फाइल्स, थंबनेल्स यांवर बिनधास्त टिक करा. थंबनेल्स लागतील तशी पुन्हा तयार होतात.

दोन ओळींशी मात्र जपून. एक, डाउनलोड्स. ही ओळ याच यादीत असते; 'सगळंच साफ करू' म्हणून टिक केली की डाउनलोड्समधलं सगळं जातं, आणि तेही बिनमध्ये न जाता. दुसरी, प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स. हा मोठ्या अपडेटनंतर उरलेला विंडोज डॉट ओल्ड फोल्डर. तो दहा दिवसांनी विंडोज स्वतःच काढतं. तोपर्यंत त्याच्या जोरावर जुन्या आवृत्तीवर परत जाता येतं. नवीन अपडेटनंतर प्रिंटर, आवाज, नेटवर्क, रोजची सॉफ्टवेअर हे सगळं नीट चालतंय याची खात्री झाली असेल तर आजच काढा. नसेल तर थांबा. आणि काढायचा तर याच यादीतून. एक्स्प्लोररमधून डिलीट करायला गेलात की परवानगीचे अडथळे येतात आणि फोल्डर अर्धा पुसलेला, अर्धा उरलेला अशा अवस्थेत राहतो.

अपडेट क्लीनअपला वेळ लागतो. टक्केवारी बराच वेळ हलत नाही म्हणून मशीन बंद करू नका.

बरेच जण इथपर्यंत येऊन थांबतात. जागा मोकळी झाली, पट्टी निळी झाली, काम झालं. पसारा वर्षानुवर्षांचा असेल तर खरंच झालं. पण हीच पायरी महिन्यातून तीनदा करावी लागत असेल तर पुढे वाचा.

४. मोजणी

एक्स्प्लोररमध्ये सी ड्राइव्हवरचे सगळे फोल्डर निवडून प्रॉपर्टीज बघितल्या तर बेरीज वापरलेल्या जागेपेक्षा कमी येते. कारण पेजफाइल, हायबरफिल (हायबरनेटच्या वेळी चालू काम साठवायची फाइल), सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन (रिस्टोअर पॉइंट ठेवायचा फोल्डर) आणि दुसऱ्या युजरचे फोल्डर एकतर लपलेले असतात, नाहीतर वाचायची परवानगी नसते. 'तीस जीबी कुठे गेले कळत नाही' या तक्रारीचं मूळ बहुधा इथेच असतं.

विझट्री, ट्रीसाइझ फ्री किंवा विनडिरस्टॅट यांपैकी एक घ्या, तेही त्याच्या मूळ साइटवरूनच. विझट्री एनटीएफएसची (ड्राइव्हवर फाइल्स मांडायची विंडोजची पद्धत) फाइल यादी थेट वाचतं, त्यामुळे काही सेकंदांत चित्र समोर येतं. कुठलंही घेतलं तरी राइट क्लिक करून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर द्या. नाहीतर एक्स्प्लोररसारखंच अर्धवट दिसेल.

आता काहीही न पुसता सहा आकडे तारखेसह कागदावर लिहा. समजा आज असं दिसलं: युजर्स ९६, प्रोग्रॅम फाइल्स ४०, विंडोज ३१, प्रोग्रॅम डेटा १८, पेजफाइल ९, हायबरफिल ६. एकूण २००. दोन दिवस नेहमीसारखं काम करून पुन्हा मोजा. युजर्स तेवढाच, विंडोज तेवढाच आणि प्रोग्रॅम डेटा १८ चा २४ झालेला. ९६ जीबीचा फोल्डर डोळ्यांत भरतो, पण दोषी १८ वाला आहे. सगळ्यात मोठा कोण हे न बघता वाढतोय कोण हे बघायचं, ते यासाठी. मग तोच फोल्डर उघडत उघडत आत जा. तीन-चार पायऱ्यांत फाइल सापडते.

५. युजर्समध्ये वाढ असेल तर

जागा खाणारा बहुतेक वेळा ॲप डेटा हा लपलेला फोल्डर असतो. त्यातले फोल्डर हाताने पुसायची घाई नको. त्या त्या सॉफ्टवेअरच्या आतूनच साफ करा. ब्राउझरची कॅशे ब्राउझरच्या सेटिंगमधून, चॅटमधले फोटो-व्हिडिओ त्या ॲपच्या स्टोरेज सेटिंगमधून. बाहेरून पुसलं की ॲप गोंधळतं आणि सगळं पुन्हा डाउनलोड करून बसतं. जागा जिथल्या तिथे.

आउटलुकच्या बाबतीत दोन फाइल्समधला फरक नीट समजून घ्या. ओएसटी ही सर्व्हरवरच्या मेलची इथली प्रत. अकाउंट सेटिंगमध्ये ऑफलाइन ठेवायच्या मेलचा कालावधी कमी केला, उदाहरणार्थ एक वर्षावर आणला, की तिचा भार हलका होतो. पीएसटी मात्र अनेकदा त्या मेलची जगातली एकमेव प्रत असते. जुनी आणि मोठी दिसली म्हणून ती पुसायची नाही. दुसऱ्या ड्राइव्हवर हलवायची असेल तर आउटलुक बंद करून हलवा आणि मग नव्या जागेवरून उघडा.

वनड्राइव्ह असेल तर फोल्डरवर राइट क्लिक करून फ्री अप स्पेस. फाइल क्लाउडवर राहते, इथे फक्त ढगाचं चिन्ह उरतं. त्याच मेनूत डिलीटही आहे आणि त्याचा अर्थ सगळीकडून डिलीट असा आहे.

आयफोनचा बॅकअप संगणकावर घेत असाल तर मोबाइलसिंक नावाच्या फोल्डरात जुन्या, आता वापरात नसलेल्या फोनचेही बॅकअप पडून असतात. ते आयट्यून्स किंवा ॲपल डिव्हाइसेस ॲपमधून काढा. डॉकर किंवा डब्ल्यूएसएल वापरणाऱ्यांसाठी वेगळी गोम आहे: त्यांची व्हर्च्युअल डिस्क ही व्हीएचडीएक्स फाइल वाढते, पण आतलं पुसलं तरी आपोआप आकसत नाही. आधी आतली सफाई, मग डब्ल्यूएसएल पूर्ण बंद, मग डिस्कपार्टमधून कॉम्पॅक्ट, असा क्रम.

६. विंडोज किंवा प्रोग्रॅम डेटामध्ये वाढ असेल तर

पुन्हा पुन्हा भरणाऱ्या ड्राइव्हचं कारण इथे असेल तर ते वरवर दिसत नाही, म्हणून जरा सविस्तर.

*विंडोजच्या टेम्प फोल्डरात 'कॅब अंडरस्कोर' ने सुरू होणाऱ्या ढीगभर फाइल्स.* विंडोज, लॉग्ज, सीबीएस या फोल्डरात अपडेट बसवण्याची नोंद होते. नोंदीची फाइल मोठी झाली की विंडोज तिला बाजूला काढतं आणि दाबून कॅब (झिपसारखी दाबलेली फाइल) करतं. पण ती २ जीबीच्या पुढे गेली असेल तर दाबणारा प्रोग्रॅम हात टेकतो. काम अर्ध्यावर सुटतं, अर्धवट कॅब टेम्पमध्ये पडून राहते, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न, पुन्हा एक अर्धवट फाइल. रात्रंदिवस. आपण टेम्प साफ करतो आणि दुसऱ्या दिवशी ढीग परत तयार, कारण मूळ लॉग तिथेच आहे. म्हणून क्रम महत्त्वाचा: सर्व्हिसेसमध्ये जाऊन विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर थांबवा, सीबीएस फोल्डरातल्या 'सीबीएसपर्सिस्ट' नावाच्या अवाढव्य लॉग फाइल्स काढा, मग टेम्पमधल्या कॅब काढा आणि रीस्टार्ट करा. लॉग पुन्हा झपाट्याने वाढला तर विंडोजच्या फाइल्समध्येच बिघाड आहे. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एसएफसी स्लॅश स्कॅननाऊ' चालवा.

*सर्च इंडेक्स.* प्रोग्रॅम डेटा, मायक्रोसॉफ्ट, सर्च या वाटेने खाली गेलात की 'विंडोज डॉट ईडीबी' सापडते. विंडोज ११ वर 'विंडोज डॉट डीबी'. मेलची मोठी फाइल किंवा लाखो छोट्या फाइल्सचा फोल्डर इंडेक्समध्ये असेल तर ही दहा-वीस जीबीच्याही पुढे जाते. इंडेक्सिंग ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, रीबिल्ड. काही तास सर्च अपुरा चालेल, ते अपेक्षितच आहे. पण रीबिल्डच्या आधी मॉडिफायमधून नको असलेले फोल्डर वगळा. नाहीतर फाइल शून्यातून तेवढीच वाढते.

*अपडेटची अडकलेली डाउनलोड.* सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशनमधला डाउनलोड फोल्डर. विंडोज अपडेट आणि बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर या दोन सर्व्हिस थांबवा, फोल्डरच्या आतलं पुसा, फोल्डर राहू द्या, सर्व्हिस चालू करा. अपडेट सतत फसत असेल तरच याचा उपयोग. नीट चालणाऱ्या मशीनवर हे करून फक्त तेच अपडेट पुन्हा डाउनलोड होतं.

*मेमरी डॉट डीएमपी.* ही निळ्या स्क्रीनच्या वेळची नोंद. कुणाला तपासायला द्यायची नसेल तर काढून टाका. पण ती परत परत तयार होत असेल तर प्रश्न जागेचा राहिलेला नाही, मशीन क्रॅश होतंय.

७. हायबरफिल, पेजफाइल, रिस्टोअर पॉइंट

हायबरफिल साधारण रॅमच्या ४० टक्के असते; १६ जीबी रॅमवर सहा-साडेसहा जीबी. हायबरनेट वापरत नसाल तर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑफ'. फाइल त्याच क्षणी जाते. सोबत फास्ट स्टार्टअपही जातो. एसएसडी असेल तर फरक फारसा जाणवत नाही. लॅपटॉपवर मात्र विचार करून. बॅटरी संपत आली की उघडं काम वाचवणारी गोष्ट हायबरनेटच आहे.

पेजफाइल बंद करू नका. रॅम भरपूर आहे म्हणून ती नको, हा सल्ला फिरत असतो आणि चुकीचा आहे. विंडोज सॉफ्टवेअरला मेमरी देण्याचं वचन रॅम आणि पेजफाइल मिळून देतं. पेजफाइल काढली की रॅम मोकळी दिसत असूनही मेमरी संपल्याचे एरर येतात. दुसरा एसएसडी असेल तर तिकडे हलवा. दुसरा ड्राइव्ह फिरत्या तबकडीचा असेल तर आहे तिथेच बरी.

रिस्टोअर पॉइंट म्हणजे विंडोज मागच्या स्थितीत नेण्यासाठी ठेवलेली नोंद. त्याची जागा सिस्टिम प्रोटेक्शन, कॉन्फिगर इथे दिसते. मर्यादा ३ ते ५ टक्क्यांवर आणा. पूर्ण बंद करू नका. खराब ड्रायव्हर बसला की याचीच आठवण येते.

८. विनएसएक्सएस

विंडोजच्या घटकांच्या फाइल्स ठेवणारा हा फोल्डर एक्स्प्लोररमध्ये दिसतो त्यापेक्षा प्रत्यक्षात लहान असतो. त्यातल्या अनेक फाइल्स विंडोजच्या इतर फोल्डरांतही हार्ड लिंकने दिसतात. डिस्कवर फाइल एकच, पण मोजली जाते दोनदा. खरा आकार हवा तर 'डिसम स्लॅश ऑनलाइन स्लॅश क्लीनअप-इमेज स्लॅश ॲनालाइझकंपोनंटस्टोअर'. शेवटी क्लीनअपची शिफारस यस आली तरच त्याच कमांडमध्ये शेवटच्या शब्दाजागी 'स्टार्टकंपोनंटक्लीनअप' घालून चालवा. पुढे 'रीसेटबेस' जोडायचा मोह टाळा. तो जोडला की आत्तापर्यंत बसलेली अपडेट कधीच काढता येत नाहीत.

विनएसएक्सएस आणि विंडोजमधला इन्स्टॉलर नावाचा लपलेला फोल्डर, हे दोन्ही हाताने पुसायचे नाहीत म्हणजे नाहीत. इन्स्टॉलर फोल्डर पुसल्यावर लगेच काहीच होत नाही, म्हणून तो जास्त फसवा. काही महिन्यांनी ऑफिस अपडेट करायला किंवा एखादं सॉफ्टवेअर काढायला जावं तर ते नसलेली फाइल मागत बसतं. रजिस्ट्री क्लीनरने जागा मोकळी होत नाही, त्याच्या वाटेलाही जाऊ नका.

९. पसारा हलवणं, ड्राइव्ह वाढवणं

डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स दुसऱ्या ड्राइव्हवर न्यायचे तर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधला लोकेशन टॅब वापरा, कट-पेस्ट नको. आणि आधी डी ड्राइव्हवर त्या नावाचा फोल्डर बनवा. थेट डी निवडला तर अख्खा डी ड्राइव्हच तुमचा डॉक्युमेंट्स होऊन बसतो आणि ते उलटवताना नाकी नऊ येतात.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये एक्स्टेंड व्हॉल्यूम फिकट दिसत असेल तर कारण बहुधा एकच: मोकळी जागा सी च्या लगेच उजवीकडे नाही, मध्ये रिकव्हरी पार्टिशन आहे. ते डिलीट करून मार्ग काढू नका. इथून पुढे पार्टिशनचं सॉफ्टवेअर किंवा मोठा एसएसडी. सगळं साफ करूनही १२८ जीबीच्या ड्राइव्हवर दहा-बारा जीबीच उरत असतील तर मोठा एसएसडीच घ्यावा. घेण्याआधी स्लॉट एनव्हीएमई आहे की साटा हे बघा. दोन्ही एम डॉट टू आकारात येतात आणि सारखे दिसतात.

कुठे थांबायचं

डिस्क चेकमध्ये खराब सेक्टर निघाले, स्मार्टची (डिस्कची स्वतःची तब्येत-तपासणी) सूचना आली किंवा जुन्या हार्ड डिस्कमधून टकटक आवाज यायला लागला, तर साफसफाई तिथेच बंद. महत्त्वाच्या फाइल्स बाहेर काढा आणि जाणकाराकडे द्या. मरणाऱ्या डिस्कवर प्रत्येक जादाचं वाचन-लेखन महागात पडतं.

चुकून कामाची फाइल कायमची पुसली गेली असेल तर तो संगणक लगेच बंद करा. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच सी ड्राइव्हवर उतरवणं म्हणजे हरवलेल्या फाइलच्या जागेवर दुसरं काही लिहिणं. एसएसडीवर ट्रिममुळे (पुसलेल्या फाइलची जागा ड्राइव्ह स्वतःच रिकामी करतो) वेळ आणखी कमी असतो.

पार्टिशनला हात लावायचा आहे आणि बॅकअप नाही, किंवा बिटलॉकर (ड्राइव्हला कुलूप लावणारं विंडोजचं एन्क्रिप्शन) चालू आहे आणि त्याची ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी नाही, तर सुरुवातच करू नका. ऑफिसच्या मशीनवर सातव्या पायरीपासून पुढचं सगळं आयटी विभागाचं काम. दोनदा मोजूनही वाढणारी फाइल सापडत नसेल, किंवा न ओळखीच्या नावाचा फोल्डर पुसला तरी परत येत असेल, तर मालवेअरची शक्यता धरून तपासणी करून घ्या.

नेताना तो सहा आकड्यांचा कागद, दोन्ही तारखांसह, सोबत द्या. काय काय पुसलं तेही लिहा. समोरच्याचा निम्मा वेळ वाचतो, आणि 'फॉरमॅट मारावा लागेल' हे पहिलंच वाक्य ऐकू यायची शक्यताही कमी होते.